सहा दाणे

आबांचा आणि तात्यांचा बांध एकच. तो कुणी कोरला यावरून सहा वर्षांपूर्वी जुंपली आणि तहसीलपर्यंत गेली. तेव्हापासून एकमेकांच्या दारचं पाणी बंद, इर्जिकही बंद.

दिवाळीला मुलगी घरी आली. पुण्यात ती पेशींवर संशोधन करते. आबा ओसरीवर बियाण्याचा हरभरा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तात्याच्या मेंदूतली गाठ काढली, लाईट दिला, तरी परत आली. असं कसं गं? कळपातून फुटलेल्या जनावरासारख्या असणार त्या पेशी. फुटलं की माजतं."

शास्त्रज्ञांनाही बराच काळ असंच वाटे, आणि ते निखालस चूक नव्हतं. १९६६ साली लोवेनस्टाइन आणि कान्नो यांनी यकृताच्या कर्करोगातल्या पेशी तपासल्या, तेव्हा निरोगी पेशींमधली देवाणघेवाण त्यांच्यात बंद पडलेली दिसली होती.

मुलीनं सुपातले सहा दाणे उचलून जमिनीवर गोल मांडले. मध्ये भोक राहिलं. "हे कनेक्झिन ४३ नावाचं प्रथिन. असे सहा मिळून अर्धी नळी. शेजारच्या पेशीचे सहा समोर येऊन भिडले की आरपार वाट झाली. मेंदूतल्या चांगल्या पेशी याच वाटेनं एकमेकींना क्षार पोचवतात, निरोप पोचवतात."

"आणि गाठीत ही वाट मोडलेली?"

"नाही ना, आबा! तात्यांना ग्लिओब्लास्टोमा आहे. २०१५ साली जर्मनीत, हायडेलबर्गला, उंदरांच्या कवटीला काचेची खिडकी बसवून संशोधकांनी माणसाच्या असल्याच गाठीच्या पेशी आत वाढताना पाहिल्या. त्यांनी लांबच लांब तंतू काढले होते, आणि तंतू जिथं जुळत तिथं हेच कनेक्झिन. लाईट दिला की पेशीत कॅल्शियम उसळतं, त्यात ती मरू शकते. पण जोडलेली पेशी ते शेजारणींकडे सोडून देते. सगळ्या थोडं थोडं सोसतात आणि तगतात. एकट्या पडलेल्या जास्त मरतात."

"मग बुजवा की ती वाट."

"उंदरांत कनेक्झिन कमी केलं, तर लाईट जास्त लागू पडला. पण चांगल्या पेशींचीही वाट तीच. सरसकट कशी बुजवायची?"

आबांनी बोटानं एक दाणा बाजूला सारला. गोल मोडला. थोड्या वेळानं त्यांनीच तो जागेवर आणून ठेवला.

"म्हणजे गाठीलासुद्धा भार वाटून घेता येतो," ते हळूच म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "तात्याचं रान तसंच पडलंय. पोरगा दवाखान्यात. वाफसा काय, दोन दिवसांचा."

मला त्या मुलीचं मोठेपण वाटतं ते इथं. तिनं तहसीलातल्या खटल्याचं नावही काढलं नाही. दिवा बारीक केला आणि आत गेली.

तांबडं फुटायच्या आत गोठ्यात घुंगरं वाजली. ती बाहेर आली तेव्हा सूप रिकामं होतं, जमिनीवरचे सहा दाणेही उचललेले. बांधापलीकडे आबांची जोडी तात्यांच्या रानात पाभर ओढत होती, आणि खालच्या आळीतून आणखी दोन जोड्या येत होत्या.