आमेनच्या आधी हिशेब

केशवापूर, हुबळी

लाडक्या भाचीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, हप्ता कसला आणि किती, असं विचारलं की हा म्हणतो, देवावर भरवसा ठेव. मग पुढं मी काय बोलणार?" मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. आज सकाळपासून पाऊस लागून राहिलाय, काका जेवून आडवे झालेत, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या हॉलमध्ये त्याच भरवशाच्या वचनाची, नीतिसूत्रे ३:५ ची फ्रेम आहे. आमच्याकडेही आहे. आपल्यात लग्नाच्या आहेरात ती एखादी तरी येतेच. ते वचन सावकाश वाच. ते ज्यानं त्यानं आपल्याच अंतःकरणाला सांगायचं आहे. बायकोच्या प्रश्नावर झाकण घालायला ते दिलेलं नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, ठेच लागल्यावर सांगते. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. काका इथल्या रेल्वे वर्कशॉपात. एका सोबत्याच्या कर्जाला ते जामीन राहिले, मला न विचारता. त्यानं हात वर केले आणि कपात काकांच्या पगारातून सुरू झाली. मला सांगितलं, ओव्हरटाइम बंद झालाय. एक दिवस शर्ट भिजवताना खिशातून पगाराची चिठ्ठी निघाली. कागदाचा लगदा झाला होता, पण कपातीचा आकडा स्पष्ट दिसत होता.

मी काय केलं? भांडले नाही. रात्री कौटुंबिक प्रार्थनेत डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, या घरात जो खोटं बोलतो त्याला सद्बुद्धी दे." दुसऱ्या रात्री 'खोटं'च्या जोडीला 'कपट' आलं. अशा आठ रात्री. नंतर जेवताना काकांचा घास तोंडाशी थांबायचा आणि मला आतून बरं वाटायचं. नवव्या रात्री आमेन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "हे देवाला सांगत होतीस की मला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी लबाडी लपवली होती आणि मी राग प्रार्थनेत लपवला होता. देवाचं नाव दोघांनीही आडोशाला वापरलं. त्या रात्री स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो. अकरा हप्ते उरले होते. "सांगितलं का नाहीत?" म्हटलं तर म्हणाले, "तू नगरला भावांना कळवशील, याची भीती वाटली." म्हणजे ज्या माणसाला देवाची भीती वाटायला हवी होती, त्याला माझ्या माहेरची वाटत होती! पुढं अकरा महिने मी शेजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून दिले. आभाळातून पैसे पडले नाहीत. पण वही उघडी राहिली, आणि रात्री माझी प्रार्थना पहिल्यांदा माझ्याबद्दल झाली.

आपण नगरकडची माणसं. टिळकांची गीतं ऐकतच तू मोठी झालीस. त्यांच्या घरातलं आठव. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. कित्येक वर्षं ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्या तरी सोवळं काही लगेच सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. नवऱ्यानं विश्वास धरला म्हणून बायकोच्या मनात तो आपोआप उगवला नाही. तो त्यांचा त्यांनाच सापडायचा होता. आणि लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघडून बघ. त्याचा पहिला भाग १९३४ चा. टिळकांचा तापटपणा, पैशाच्या बाबतीतला भोळेपणा, काहीही बाईंनी झाकलेलं नाही. म्हणून प्रेम कमी झालं का? टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुरं केलं.

आमच्या इकडच्या मुलखातलंही एक सांगते. बासेल मिशन धारवाडला १८३७ मध्ये आलं, हुबळीला १८३९ मध्ये. त्या मिशनऱ्यांना कमिटीच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. वधू युरोपातून जहाजानं यायची, कित्येकदा ज्याच्याशी लग्न लागायचं त्याची धड ओळखही नसायची. तेवढा प्रवास देवाच्या भरवशावर झाला असेल. पण बंदरावर उतरल्यावर त्या माणसाशी बोलायचं तिचं तिलाच होतं.

तेव्हा एवढं कर. शनिवारी रात्री आधी वही, मग बायबल. हप्ता कितीचा, कुणाला, कधी संपतो, हे त्याला शांतपणे विचार. तूही माहेरी जे पैसे पाठवतेस ते सांग. मग हात जोडा, आणि प्रार्थनेत ज्यानं त्यानं आपलीच चूक बोलायची, दुसऱ्याची नाही. पैसे पुरतील की नाही, त्याची नोकरी टिकेल की नाही, हे तुमच्या हातात नाही. ते देवावर टाका. खरं बोलणं मात्र तुमच्या हातात आहे, ते त्याच्यावर टाकू नका.

आणि एक ध्यानात ठेव. विचारल्यावर हात उगारला गेला किंवा धमकी आली, तर तेव्हा 'सहन कर' म्हणणारा देव मला बायबलात भेटलेला नाही. पाळकसाहेबांना सांग आणि सरळ हुबळीची गाडी धर. आमचं दार उघडं आहे.

काका उठले. कुणाला लिहितेस म्हणून विचारलं, तर वाचून दाखवलं. जामिनाच्या गोष्टीवर मान खाली घालून हसले आणि म्हणाले, "लिही की. पण तुझ्या त्या आठ रात्री खोडू नकोस हं."

खोडल्या नाहीत.

तुझी,
मावशी