अंडरडॉगच्या बाजूने

झाडीपट्टीच्या नाटकात सावकार गरीब नायकाला छळतो, तेव्हा अख्खा मंडप हळहळतो. दिवसा कोडिंग करून नट व्हायला धडपडणाऱ्या मला ती हळहळ हवीच असते. पण ती फुकटची आहे. शेवटी नायकच जिंकणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

१९५४ साली आमच्या भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. सत्ताधारी काँग्रेससमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले. आज त्यांच्या जयंतीला हार घालायला सगळेच पुढे असतात. पण निकाल माहीत नसताना ज्यांनी त्यांना मत दिलं, खरी बाजू घेतली ती त्यांनी.

अंडरडॉगवर प्रेम करणं सोपं आहे; तो जिंकेपर्यंत थांबायचं, एवढंच. थांबायचं नसेल, तर त्याच्यासोबत हरायची तयारी लागते.