डॉक्टर बदलणे ही कृतघ्नता आहे काय?

दीर्घकालीन आजार माणसाच्या घरात एका नव्या नात्याची भर घालतो. मधुमेह, संधिवात, हृदयविकार यांपैकी एखादी व्याधी जडली की, तिच्यावर उपचार करणारे तज्ज्ञ वर्षानुवर्षांचे सोबती होऊन बसतात. त्यांनी आपल्याला मरणाच्या दारातून परत आणलेले असते, अडचणीच्या काळात फी घेतलेली नसते, मुलीच्या लग्नाला ते सपत्नीक आलेले असतात. अशा डॉक्टरांची सेवा कालांतराने ढासळू लागली, तर रुग्णाने काय करावे? त्यांना सोडून दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाणे हा द्रोह ठरतो काय? प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो. पण ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्यांना किती छळते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

ही घसरण एका दिवसात होत नसते, हीच खरी अडचण आहे. मधुमेहाचेच उदाहरण घेऊ. वीस वर्षांपूर्वी जे डॉक्टर बूटमोजे काढायला लावून तळपाय निरखून पाहत, दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला पाठवत, लघवीतील प्रथिनांची तपासणी चुकू देत नसत, त्यांच्या दवाखान्यात आता दोन तास ताटकळल्यावर पाच मिनिटे मिळतात. साहाय्यक जुन्या चिठ्ठीवरूनच नवी चिठ्ठी उतरवून देतो. आपण म्हणतो, गर्दी वाढली आहे, डॉक्टरांचेही वय झाले आहे. पुढच्या खेपेलाही तेच म्हणतो. परंतु मधुमेहाची हानी मुकी असते. डोळ्यांचा पडदा बिघडू लागला, तरी आरंभी दृष्टी स्वच्छच असते. मूत्रपिंडाला इजा झाल्याची पहिली खूण लघवीच्या तपासणीत दिसते, रुग्णाला काहीच जाणवत नाही. बधिर झालेल्या पायाला जखम झाली, तरी ती दुखत नाही. आपल्या भिडस्तपणाची किंमत आपल्याला कळण्यापूर्वीच चुकती होऊ लागलेली असते.

तथापि डॉक्टरांवर ठपका ठेवण्याआधी रुग्णाने स्वतःशी प्रामाणिक राहावे. ढासळली आहे ती सेवा की प्रकृती? सर्वसाधारणपणे प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन निर्माण करण्याची शक्ती वर्षांगणिक घटत जाते. उत्तम उपचार चालू असतानाही एखाद्या रुग्णाला इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. ते कटू सत्य सांगणाऱ्या डॉक्टरांना सोडून केवळ गोळ्यांवर भागवण्याचे आश्वासन देणाऱ्याकडे धावणे म्हणजे आपल्याला हवे तेच बोलणारा माणूस शोधणे होय. अशांची संख्या थोडी नाही. उलट, वैद्यांकडूनच हाल सोसावे लागणे हेही जुनेच दुःख आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीविषयी संत मार्क स्पष्टच लिहितात की, अनेक वैद्यांच्या हातून तिने खूप सोसले, सारा पैसा खर्च केला आणि तिचा आजार बळावतच गेला. स्वतः वैद्य मानले गेलेले संत लूक मात्र त्या हालांचा उल्लेख टाळतात. व्यवसायबंधूंची त्यांनी लाज राखली असावी, असे वाटून मौज वाटते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पोप बारावे पायस यांनी 24 नोव्हेंबर 1957 रोजी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना असे प्रतिपादन केले की, डॉक्टरांना रुग्णावर कोणताही स्वतंत्र अधिकार नसतो. रुग्णाने स्पष्टपणे वा गृहीत धरून दिलेल्या संमतीनेच ते उपचार करू शकतात. म्हणजे शरीराची जबाबदारी मुळात रुग्णाचीच; वीस वर्षांच्या ऋणानुबंधाने ती दुसऱ्याकडे जात नाही. उपकार फेडण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. डॉक्टरांविषयी चारचौघांत आदराने बोलावे, त्यांच्या म्हातारपणी त्यांची विचारपूस करावी. ते ऋण डोळ्यांनी आणि मूत्रपिंडांनी फेडण्याची अपेक्षा कोणत्याही सज्जन डॉक्टरांनी केलेली नसते. शिवाय ते डोळे एकट्या रुग्णाचे नसतात. दृष्टी गेली, तर हात धरून चालवावे लागते ते पत्नीला आणि मुलांना.

मात्र मुकाट्याने नाहीसे होणे मला प्रशस्त वाटत नाही. आधी बोलावे. 'डॉक्टरसाहेब, पाय तपासून बरेच दिवस झाले, डोळ्यांसाठीही आपण पाठवले नाहीत,' एवढे सांगण्यात उर्मटपणा नाही. अनेक डॉक्टर सावध होतील. एखादे थकलेले डॉक्टर स्वतःच दुसऱ्या तज्ज्ञाचे नाव सुचवतील. ज्यांना केवळ राग येईल, त्यांच्याबाबत निर्णय सोपा होतो.

निघताना काही गमावावेही लागते. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, वडील कशाने गेले, हे जुन्या डॉक्टरांना तोंडपाठ असते. म्हणून कागदपत्रे मागून घ्यावीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यास 72 तासांत देणे बंधनकारक आहे. सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला मात्र हा सारा ऊहापोह चैनीचा वाटेल. त्याचा डॉक्टर त्याला न विचारताच बदलत असतो.

आपल्या लहानशा धर्मग्रामात आणखी एक संकोच असतो: जुने डॉक्टर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटणारच. तेव्हा मागच्या दाराने सटकू नये. पुढे होऊन नमस्कार करावा, आता कोणाकडे जातो ते सांगावे. आणि सवयीने त्यांनी साखर किती आहे असे विचारलेच, तर खरा आकडा सांगावा.