निनावी बंदी

गेल्या पावसाळ्यात आमच्या इंदुरातील एका वाचनमंडळात खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर व्याख्यान झाले. व्याख्याते एक वयोवृद्ध निवृत्त अध्यापक. तरुण मंडळींच्या आग्रहावरून त्यांनी व्याख्यानाचा सारांश लिहून दिला व तो एका समाजमाध्यमावरील मंडळाच्या पानावर प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी तो तेथून नाहीसा झालेला होता. त्याच्या जागी एवढेच होते, की हा मजकूर हिंसेला उत्तेजन देणारा असून आमच्या नियमांत बसत नाही. कोणते वाक्य, कोणता शब्द आणि हे ठरविले कोणी, याचा काहीच पत्ता नव्हता. फेरविचाराची मागणी करण्याची सोय होती. ती करताच काही क्षणांत निर्णय कायम असल्याचे उत्तर आले. तेवढ्या अवधीत कोणा माणसाने तो लेख वाचला असेल हे संभवनीय नाही.

या प्रकारातील विनोद वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. ‘कीचकवधा’वर पूर्वीही बंदी आली होती. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कळत होते. सरकारलाही ते कळले, आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने त्याचे प्रयोग बंद केले. ती बंदी अन्यायाचीच होती. पण ती घालणाऱ्याने नाटक समजून घेतले होते, आणि त्याचा अर्थ अगदी बरोबर लावला होता! असा जाणता शत्रूही लेखकाला क्वचितच लाभतो. आजच्या बंदीमागे समज नाही आणि शत्रुत्वही नाही.

भाषणाला मर्यादा असावी की नसावी, हा जुना वाद मी येथे उकरून काढीत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. मुले पळविणाऱ्या टोळीच्या वावड्या त्या दिवसांत एका फोनवरून दुसऱ्या फोनवर धावत होत्या. त्या पाच जणांना आपली बाजू मांडावयास कोणतेही पान मिळाले नाही. वावडीलाही संचारस्वातंत्र्य असावे, असे त्यांच्या घरी जाऊन सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. (त्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्यास भारतात मज्जाव केला. कोणाचाही शब्द न पुसता केलेला हा उपाय मला त्यातल्या त्यात सभ्य वाटतो.)

तेव्हा प्रश्न निराळाच आहे. ज्याचे तोंड बंद करावयाचे, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही?

१९०८ साली मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीला मराठी येत नव्हते आणि ‘केसरी’तील लेखांची भाषांतरे सदोष होती. टिळक एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःची बाजू मांडीत होते, आणि त्यांतील बराच वेळ अमुक मराठी शब्दाचा अर्थ तमुक इंग्रजी शब्द नव्हे, हे सांगण्यात गेला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले व सहा वर्षांची शिक्षा झाली. न्याय मिळाला नाही. परंतु आरोप उच्चारला गेला होता, लेख समोर होते, कलम ठाऊक होते आणि न्यायमूर्ती दावर यांचे नाव निकालावर होते. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना त्या न्यायासनाचाच खटला चालविता आला. निनावी बंदीचा खटला इतिहासाच्या न्यायालयातसुद्धा उभा राहत नाही.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्यांच्या हाती हा अधिकार नसावा, सरकारने तो घ्यावा. सरकारने तो घेऊन पाहिलेला आहे. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना, मुंबईतील बंदविषयी एकीने लिहिले व दुसरीने पसंती दर्शविली एवढ्यावरून, अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम रद्द केले. त्याच निकालात मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे ६९अ हे कलम मात्र टिकले. कारण त्याखालील आदेशाची कारणे लेखी नमूद करावी लागतात, म्हणजे त्याला आव्हान देता येते. पण त्याच कलमाखालचे २००९ चे नियम हा सारा व्यवहार गुप्त ठेवण्यास सांगतात. कारणे लिहिलेली असतात. ज्याच्याविरुद्ध लिहिली, त्याच्या दृष्टीस ती पडतीलच असे नाही. याउलट २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना बजावले, की आपण होऊन मजकूर काढताना लेखकाला आधी कळवा, कारण द्या, त्याचे ऐकून घ्या. व्यापाऱ्याकडून अपेक्षिलेला हा शिष्टाचार राज्यसंस्था स्वतः पाळीत नाही. आणि व्यापारी तो कसा पाळतो, हे आमच्या अध्यापकांनी पाहिलेच!

आता तर दोघांचे हात एकमेकांत गुंतले आहेत. ‘सहयोग’ या सरकारी व्यवस्थेतून कंपनीला सूचना जाते; न ऐकल्यास कायद्याचे संरक्षण गमावण्याची भीती असते; कंपनी मजकूर काढते. याविरुद्ध एक्स या कंपनीने केलेला अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला. भाषणस्वातंत्र्याचा हक्क नागरिकांचा, परकीय कंपनीचा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तर्क म्हणून ते मान्य करू. पण मग जिला तक्रारीचे कारण कळते, तिला हक्क नाही. आणि ज्याला हक्क आहे, त्या नागरिकाला आपला शब्द कोणाच्या आज्ञेने गेला हेच पुष्कळदा कळत नाही.

कोट्यवधी लेखांची छाननी करावयाची, प्रत्येकाला कारण कोठून देणार, हा आक्षेप मला पटत नाही. जी कंपनी प्रत्येकाची आवड ओळखून त्याला निरनिराळी जाहिरात दाखविते, तिने प्रत्येकाशी बोलणे अशक्य आहे असे म्हणू नये. राष्ट्राच्या संरक्षणाचा प्रश्न असेल तेथे मात्र मी अडखळतो. काही कारणे काही काळ झाकून ठेवावी लागत असतील. पण ‘कीचकवधा’च्या रसग्रहणाने कोणती सीमा धोक्यात येते?

अध्यापकांना मी भेटावयास गेलो तेव्हा ते रागावलेले नव्हते. “माझे चुकले काय, एवढे तरी त्यांना विचारून पाहा हो,” असे दोनदा म्हणाले. कारण कळलेल्या मनुष्याला निदान कुंपण कोठे आहे ते ठाऊक होते. ज्याला ते कळत नाही, त्याला सारे रानच वर्ज्य वाटू लागते. यंदाच्या व्याख्यानासाठी त्यांनी ‘कर्णवध’ हा विषय घेतला होता. पानावर घालण्याकरिता परवा त्यांची चिठ्ठी आली, तीत ‘कर्णाचा अखेरचा दिवस’ असे लिहिलेले आहे. मी काही विचारले नाही.