स्वर्ग हवा असलेला कोण?

चंडीगडच्या सेक्टर २६ च्या मंडीत जूनमध्ये दशहरी आंबा येतो. ‘आंबा महाग झालाय’ आणि ‘आंबे महाग झालेत’ या दोन्ही वाक्यांत मी एकच गाऱ्हाणं सांगत असते. समोरच्या टोपलीतल्या एखाद्या फळाबद्दल मला काही म्हणायचं नसतं. पाणिनीने याची नोंद केली आहे: जात सांगायची असेल तर एकवचनाच्या जागी बहुवचनही चालतं. पतंजलीने तर महाभाष्याच्या सुरुवातीलाच विचारलं, की शब्दाने सांगितली जाते ती आकृती की द्रव्य? म्हणजे जात की समोरची एकेक वस्तू? जुन्या वैयाकरणांपैकी वाजप्यायन आकृतीच्या बाजूचा, व्याडी द्रव्याच्या. पतंजलीने निकाल दिला की पाणिनीला दोन्ही मान्य आहेत, दोन्हींसाठी त्याची सूत्रं आहेत.

वैयाकरणांचं तेवढ्यावर भागलं. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं भागेना, कारण त्यांना वाक्य नुसतं समजून घ्यायचं नव्हतं, पाळायचं होतं. मी इथल्या उच्च न्यायालयात वकिली करते, त्यामुळे त्यांची अडचण मला जवळची वाटते. माझ्या फळीवर कायद्याच्या पुस्तकांशेजारी केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश आहे, वाईच्या प्राज्ञपाठशाळेने सात खंडांत काढलेला. वादीचा वकील एका ओळीतून काय काय काढू शकतो, हे पाहायला मी तो उघडते.

सोमयागात ‘ग्रह’ नावाचा पेला पुसायला सांगितलं आहे, एकवचनात. मग एकच पुसायचा की सगळे? मीमांसक म्हणतात, सगळे. पेले आधीच ठरलेले आहेत, नव्याने सांगायचं आहे ते पुसणं; तेव्हा पेल्याचं एकवचन मोजायचं नाही. पशू अर्पण करायला सांगतात तिथे मात्र पशूच नव्याने सांगितला जातो, म्हणून तिथे एक म्हणजे एकच. आमच्या मुन्शीजींना मी हा वाद ऐकवला. ते हसले. “मॅडमजी, लंगरमध्ये ‘थाळी धुवा’ म्हटलं तर एक थाळी धुऊन कोणी उठतं का?”

पेल्यांपुरतं हे सोपं आहे. माणसांपाशी आल्यावर वाद तापतो. स्वर्ग हवा असलेल्याने यज्ञ करावा, असं वेद सांगतो, आणि ते ‘स्वर्ग हवा असलेला’ पुल्लिंगी आहे. मग बाईला यज्ञाचा अधिकार आहे का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात ऐतिशायन नावाचा आचार्य म्हणतो, नाही. लिंग स्पष्ट सांगितलं आहे. बादरायण म्हणतो, शब्द जात सांगतो आणि ती जात बाईतही तेवढीच आहे. जैमिनी बादरायणाच्या बाजूने जातो. पुढे तिचा अधिकार नवऱ्याच्या जोडीने धरला जातो हे खरं, पण पुल्लिंगाच्या आडून तिला बाहेर ठेवता आलं नाही.

मग शूद्राचा प्रश्न येतो. बादरी नावाचा आचार्य तोच न्याय पुढे नेतो: स्वर्गाची इच्छा कोणालाही होऊ शकते, म्हणून अधिकार सर्वांना. इथे मात्र दार बंद होतं. अग्नी स्थापन करायला ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म, वैश्याला शरद सांगितला आहे आणि चौथ्याला ऋतूच नाही, हे कारण पुढे येतं. नामाने कोणालाच अडवलं नव्हतं. त्याचा अर्थ आवळण्यासाठी दुसरीकडून वाक्य शोधून आणावं लागलं.

अशीच शोधाशोध १९१६ साली कलकत्त्यात झाली. रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली. पुल्लिंगात स्त्रीही धरावी, संदर्भ आड येत नसेल तर, असा नियम १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये होता. न्यायालयाला संदर्भच आड आला. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार मिळाला. त्याच वर्षी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने मात्र नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना आत घेतलं. शेवटी १९२३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मी गाऊन चढवते तो त्या कायद्याच्या पुण्याईवर.

नुसतं नाम उलट्या बाजूनेही चालतं. या शहरात भाड्याचं घर शोधताना एका घरमालकांनी चहा दिला आणि म्हणाले, “वकिलाला घर देत नाही. वकील घर सोडत नाहीत.” त्यांचा सख्खा भाचा वकील होता आणि तो तसा नव्हता, पण त्याच्यामुळे त्यांचं वाक्य खोटं पडत नव्हतं. अशी वाक्यं अपवाद पचवतात. ‘सगळे वकील’ म्हटलं असतं तर एका भाच्यावर मी वाद जिंकले असते.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. नाम काही देत असेल, अधिकार, आसरा, स्वर्ग, तर ते रुंद वाचावं आणि वगळणाऱ्याकडे पुरावा मागावा. नाम दोष लावत असेल तर ते अरुंद वाचावं आणि समोर उभ्या असलेल्या या एका माणसाने काय केलं ते विचारावं. व्याकरण दोन्हीकडे सारखंच मोकळं असतं. रुंद वाचायचं की अरुंद, हे वाचणारा ठरवतो, आणि त्याचा जाबही त्यानेच द्यायचा. समाज बहुधा नेमका उलटा वाचतो: दोष सगळ्या जातीला, हक्क मोजक्यांना.

बादरी हरला. पण जैमिनीने त्याचं मत नावानिशी सूत्रात ठेवलं, जसं आमच्याकडे बहुमताच्या निकालाबरोबर भिन्नमतही छापतात. भिन्नमत कोणावर बंधनकारक नसतं. पुढच्या वकिलाला ते उभं राहून वाचून दाखवता मात्र येतं.