बोकड लहान, नियम मोठा?



आपल्या उंद्री परिसरात शेळी ही चैनीची वस्तू नाही. मुलांच्या फीसाठी, बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी दावणीचा बोकड विकला जातो. जिवंत विकला तर व्यापारी अंदाजाने भाव करतो. स्वतः कापून वाटे घातले तर चार पैसे अधिक हाती येतात. पण मटण विकायचे म्हटले की कायदा आलाच. मग प्रश्न पडतो: आठवड्याला दोन बोकड कापणारा आणि हजारो जनावरे कापणारा कारखाना, दोघांना एकच नियम हा न्याय आहे का?

कायद्याने लहान विक्रेत्याचा विचारच केला नाही, असे नाही. 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून अमलात आला. त्याखालील 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला मोठ्या परवान्याऐवजी 100 रुपयांची साधी नोंदणी ठेवली. त्याआधी 2001 च्या कत्तलखाना नियमांनी गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू आणि पशुवैद्यकाचा दाखला नसलेले जनावर कापण्यास मनाई केली होती.

यामागे कारण आहे. काळपुळीने मेलेले जनावर सोलणाऱ्या माणसालाही तो रोग होतो आणि त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. रोग विक्रेत्याची ऐपत विचारत नाही. म्हणून ‘आम्ही लहान, आम्हाला सोडा’ हे म्हणणे टिकत नाही. मटण घेणाराही बहुधा गरीबच असतो. त्याचा घास कमी सुरक्षित का असावा?

पण दुसरी बाजूही खरी आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी सांगितले की, कायदा सर्वांच्या हितासाठी केलेला असला तरी त्याचा भार विषम वाटला गेला तर तो अन्याय्य ठरतो. नियम समान म्हणून भार समान होत नाही. 100 रुपये कसेही भरता येतील. पण दाखल्यासाठी डॉक्टर, वाहते पाणी, सांडपाण्याचा निचरा? कारखाना हा खर्च हजारो जनावरांवर वाटतो; शेळीवाल्याला तो एका बोकडावर सोसावा लागतो, वर दिवसाची मजुरी बुडते. दाखला मागायचा आणि तो देणारा माणूस गावात पाठवायचा नाही, अशा नियमाने कुणाचे रक्षण होत नाही. जनावर मग आडोशाला कापले जाते, जिथे तपासणी मुळीच नसते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जनावर निरोगी हवे, पाणी आणि सुरी स्वच्छ हवी. यात लहानमोठा भेद नको. पण ती स्वच्छता साधण्यासाठी लागणारा ओटा, पाणी आणि पशुवैद्यक ही एकट्या गरिबाची जबाबदारी नव्हे, ती गावाची आणि शासनाची आहे. येत्या ग्रामसभेत आपण सर्वांनी मिळून ही मागणी करावी: एक सामायिक ओटा आणि बाजाराच्या दिवशी पशुवैद्यकाची फेरी.

तोपर्यंत काय? ज्यांनी नोंदणी केली नाही त्यांनी ती करावी. आणि मेलेल्या किंवा आजारी जनावराचे मटण विकू नये, स्वस्त मिळते म्हणून घेऊही नये. एवढे पाळायला कोणत्याही साहेबाची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
धर्मगुरू