न मोजलेली मुलं

माझा दानधर्म त्या मुलासाठी असतो की माझ्या समाधानासाठी, हा प्रश्न हल्ली मला टाळता येत नाही.

मुंबईतली जुन्या घरांची आमची खोताची वाडी जपावी म्हणून आम्ही रहिवासी पोटतिडकीने बोलतो. वाडीतल्या कुठल्या घराचा ओटा मूळचा आणि कुठला जिना नंतरचा, हे आम्हाला तोंडपाठ असतं. पण भोवती टॉवर उभे राहताहेत, त्यांच्या पत्र्याच्या कुंपणाआड राहणाऱ्या मजुरांच्या मुलांबद्दल आम्हाला काय ठाऊक आहे? परवा तिथे पाच-सहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन पाण्यात भिजवलेलं बिस्किट भरवत होती. त्या पोराचं शेवटचं वजन कधी झालं असेल? कुठल्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव असेल? काम संपलं की बिऱ्हाड हलणार. नाव असलंच, तर ते इथेच राहणार.

गणेशोत्सवातल्या वह्यावाटपाला मी वर्गणी देतो, एखाद्या वाढदिवसाला आश्रमशाळेत जेवण देतो. त्यात गैर काही नाही. भुकेल्याला आजच जेवायला हवं. पण तिथे मुलाचा हसरा चेहरा दिसतो, आभार मिळतात. घरोघर फिरून मुलांची उंची-वजनं घेणाऱ्या, मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या कामाला पैसे दिले तर समोर कोणीच हसत नाही. तिथे माझा हात आखडतो, तो एवढ्यासाठीच का?

महाराष्ट्रात या कामाने काय साधलं, हे मला माहीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि त्याचा परिणाम मोजला. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ सेविकांमार्फत हीच पद्धत देशभर नेली. कितीही वह्या वाटल्या तरी एवढं घडलं नसतं.

तरी मन एका जागी अडतं. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिथेही जन्म-मृत्यू मोजले जात होते, पण सेवा नेहमीच्या सरकारीच होत्या. तिथल्या आयांना मी काय सांगेन? हा उपाय लागू पडेल की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, एवढंच सांगता येईल. ठाऊक झाल्यानंतर मात्र ती सबब पुढे करता येत नाही. मोजू दिलेल्या प्रत्येक घराचं आपल्यावर ऋण असतं, आणि निष्कर्षाचं धोरण झालं तरच ते फिटतं. म्हणून संशोधनाला पैसे देऊन मोकळं होणं पुरेसं नाही. त्यातून निघालेली गोष्ट सरकारच्या अंदाजपत्रकात उतरेपर्यंत मागे लागणं हेही माझंच काम आहे.

मोजणी आपली खुशामतही करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६मध्ये ३४.४ टक्के होतं. २०१९-२१मध्ये ते ३५.२ झालं. राज्याची राजधानी आपल्या डोळ्यांपुढे उंच होत असताना तीनातलं एक मूल वयाच्या मानाने बुटकं राहतंय. हा आकडा नसता, तर टॉवरकडे बघून मीही सगळं ठीक चाललंय असंच म्हटलं असतं.

म्हणून यापुढे वर्गणीइतकीच रक्कम मी मोजणीच्या आणि अभ्यासाच्या कामाला देणार आहे. आणि मत मागायला जो दारात येईल, त्याला वाडीच्या वारशाबद्दल विचारण्याआधी विचारेन: या वॉर्डातल्या बांधकामांवरची किती मुलं अंगणवाडीत नोंदली आहेत, आणि उरलेल्यांसाठी तुम्ही किती पैसे ठेवणार आहात?